कॅन्डिसचं अर्धं सॉरी

"दहापर्यंत मोजलं होतंस की नाही?" हेलनने विचारलं.

"मोजलं."

"मग?"

"इलेव्हनला मारलं."

हेलनला हसू आलं, पण ते दाखवायची ही वेळ नव्हती. समोर भिंतीला टेकून नऊ वर्षांची कॅन्डिस उभी होती, आणि आत वर्गात एडवर्ड नावाचा तिच्याच वयाचा मुलगा सुजलेल्या ओठावर बर्फ धरून बसला होता. मस्कतमध्ये सुट्टी शुक्रवारी, म्हणून चर्चमधली मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, शुक्रवारी आणि मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्गही शुक्रवारीच. हेलन एकोणीस वर्षं ते घेत होती. बाकीचे सहा दिवस ती कुरुमच्या एका हॉटेलात लाँड्री सांभाळायची. दहापर्यंत मोजायची युक्ती चर्चच्या युवा गटाने शिबिरात शिकवली होती. कॅन्डिसने ती इमानेइतबारे पाळली होती, एवढं तरी कबूल करायला हवं.

"काय बोलला तो?"

"ही सेड, माय डॅड इज अब्स्कॉन्डिंग." कॅन्डिस मराठी शब्द शोधत थांबली. "पळून गेला, असं. पप्पा नाय पळाला आन्टी. कंपनीने पाठवला."

ते खरं होतं. तिचा बाप विल्सन इमारतींना उंच परांच्या बांधायचं काम करायचा. सेफ्टी बेल्ट मिळत नाहीत अशी त्याने तक्रार केली, तर कंपनीने तोच कामावरून पळाला असं कागदोपत्री लिहून दिलं आणि त्याची रवानगी वसईला झाली. आखातात याहून वाईट शिक्का नाही. आठ महिने झाले, आणि आता तो शिक्का पोरांच्या तोंडीही आला होता.

क्लिफर्ड बाहेर आला. सगळ्या वर्गांचा तो प्रमुख. माणूस वाईट नव्हता, फक्त मुलांपेक्षा नियमांवर त्याचा जीव जरा जास्त होता.

"हेलन, तिसऱ्यांदा झालं हे. पुढच्या फ्रायडेला सगळ्यांसमोर सॉरी म्हणायचं. राग आला त्याबद्दल सॉरी, मारलं त्याबद्दल सॉरी. नाहीतर फर्स्ट कम्युनियनच्या यादीतून नाव काढतो." मुलांनी पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घ्यायचा तो सोहळा जवळ आला होता.

"राग आला त्याचं कसलं सॉरी?"

"राग पाप आहे. तूच शिकवतेस ना?"

शिकवलं होतं खरं. तेच तर झोंबलं. राग गिळण्यात हेलनचा हात धरणारं कोणी नव्हतं. आई गेली तेव्हा हॉटेल भरलेलं होतं, आणि मॅनेजरने चार दिवस थांबायला सांगितलं. ती "ओके सर" म्हणाली आणि त्या दिवशी तीनशे चादरींना इस्त्री मारली. गावी पोचली तेव्हा कबरीवरची माती सुकली होती. तो राग कुठे गेला म्हणाल, तर कुठेच गेला नव्हता.

तिने कॅन्डिसला चर्चच्या मागच्या अंगणात नेलं. मिस्सेतला प्याला पुसायचे पांढरे रुमाल दर शुक्रवारी हेलनच धुवायची. त्यांना पवित्र द्राक्षरस लागलेला असतो, म्हणून त्यांचं पहिलं पाणी गटारात जाऊ द्यायचं नसतं, मातीत ओतायचं असतं. तिने ते खजुरीच्या मुळाशी ओतलं आणि दुसऱ्या पाण्यातला रुमाल कॅन्डिसच्या हातात दिला.

"पीळ."

कॅन्डिसने असा पिळला की थेंब उरला नाही. मग दुसरा. सातव्या रुमालाला तिचा श्वास जागेवर आला.

"ही पोर मारामारी करते आणि तू तिच्या हातात वेदीचे रुमाल देतेस?" दारातून क्लिफर्ड म्हणाला.

"तिच्या हातांना काम हवंय. पुरुषांसारखं पिळते बघा," हेलन म्हणाली, आणि तो गेल्यावर कॅन्डिसकडे वळली. "बाय, राग येतो कारण काहीतरी वाकडं झालेलं असतं. तो येणारच. पण हात तुझे आहेत. ते काय करणार, हे रागाने नाही ठरवायचं, तू ठरवायचं."

"अँड माऊथ?"

"तोंडाने खरं सांगायचं. मोठ्याने."

त्या आठवड्यात हेलन ड्युटी संपवून रोज अल् घुब्राला कॅन्डिसच्या घरी गेली. तिथे ती स्वतः एडवर्ड व्हायची आणि ते वाक्य जसंच्या तसं म्हणायची. पहिल्या दिवशी कॅन्डिसने टीपॉयला लाथ घातली. दुसऱ्या दिवशी उशी फेकली. चौथ्या दिवशी ती उभी राहिली, हात पाठीमागे घट्ट धरून, आणि तोंडानेच उत्तर दिलं.

तिची आई हेझल, जिच्या नोकरीवर आता मायलेकी मस्कतमध्ये टिकून होत्या, दाराशी उभी राहून बघत होती. "आन्टी, म्हणून टाकू दे ना तिला पूर्ण सॉरी. ड्रेस शिवून आलाय. विल्सन तिकडून फोनवर बघणार आहे."

"म्हणेल. पण खरं तेवढंच म्हणेल."

शुक्रवारी वर्ग गच्च होता. कॅन्डिस पुढे आली आणि थेट एडवर्डकडे बघून बोलली. "मी तुला मारलं. त्याचं सॉरी. खरंच. राग आला त्याचं सॉरी नाय. माझा पप्पा पळाला नाय. त्याने बेल्ट मागितला होता."

एडवर्डने मान खाली घातली.

"हे अर्धंच झालं," क्लिफर्ड म्हणाला. "हेलन, तू सांग तिला."

हेलन उठली. ती मुलांकडे वळली. "एकोणीस वर्षं मी चुकीचं शिकवलं, पोरांनो. राग पाप नाही. मला आयुष्यभर आला, आणि मी एकदाही तोंड उघडलं नाही. ते चुकलं माझं. सर, हिचं नाव काढायचं असेल तर शिकवणाऱ्यांतून माझंही काढा."

"असा वर्ग नाही चालत," क्लिफर्ड म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. भिंतीवरच्या यादीत त्याने कॅन्डिस तुस्कानो या नावावर सरळ रेघ मारली.

कॅन्डिसच्या मुठी आवळल्या. एडवर्ड नकळत मागे सरकला. हेलन जागची हलली नाही.

मुठी सुटल्या. कॅन्डिस यादीपाशी गेली आणि तिने हात पुढे केला. "पेन द्या, सर."

त्याने ते कसं दिलं, त्यालाच कळलं नाही. यादीच्या तळाला, जिथे जागा होती तिथे, तिने सावकाश लिहिलं: कॅन्डिस विल्सन तुस्कानो. बाकी कुणाही मुलाच्या नावात बापाचं नाव नव्हतं. मग तिने पेन परत केलं आणि जागेवर जाऊन बसली.

क्लिफर्डने पेनाचं टोक त्या नावापर्यंत नेलं. मग रेघ न मारताच त्याने टोपण लावलं.