भांगाच्या दिवशीची रेषा

अष्टमीला भरतीची रेषा आखणारी कोकणी मुलगी दिवा घेऊन शोधली तरी सापडायची नाही. घाटकोपरात जन्मलेल्या अपूर्वा परबने मात्र ते करून दाखवलं. अमावास्या-पौर्णिमेला खाडीला उधाण येतं आणि अष्टमीला भांग, म्हणजे पाणी जेमतेम चढतं, हे तिच्या वडिलांनी झोपेतही सांगितलं असतं. पण विचारायचं सुचलं कुणाला! निसर्ग-संवर्धनाचे आराखडे बनवणाऱ्या अंधेरीच्या एका ऑफिसात तिची उन्हाळी इंटर्नशिप होती. सुयोग सरांनी मंगळवार दिला, म्हणून ती मंगळवारी, म्हणजे नेमकी अष्टमीला, बोरिवलीपलीकडच्या खाडीवर गेली. पाण्याच्या काठाकाठाने चालत मोबाइलवर खुणा केल्या. नकाशावर सुरेख निळी रेषा उमटली. रेषेच्या आतली तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, वाचणार होती, बाहेर वाटेल ते बांधायला मोकळीक.

अमावास्येला ती राहिलेले फोटो काढायला गेली, तर पाणी तिच्या रेषेच्या शंभर पावलं पुढे आलेलं. ज्या पट्टीतल्या चिखलात खाडीकाठच्या गावातले ग्रेगरी अंकल खेकडे धरायचे, ती अख्खी पाण्याखाली होती. नकाशात तिथे 'कोरडी जमीन' लिहिलं होतं. अपूर्वा फोटो न काढताच मागे फिरली.

"सर, वाट लागली. लाइन चुकलीय माझी," तिने धावत ऑफिस गाठून सांगितलं.

"नकाशा केव्हाच पुढे गेला गं," सुयोग सर स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले. "आता बदलला तर ऑफिसचं नाव जाईल. गावातल्या कुणी हरकत घेतली तर बघू. उद्या पाचपर्यंत मुदत आहे."

तिने हात जोडले, बाथरूममध्ये जाऊन रडली, परत येऊन पुन्हा हात जोडले. सर मीटिंगला निघून गेले.

बैल गेला नि झोपा केला म्हणतात. तिला तो झोपा तरी करायचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच अर्ज लिहून ती ग्रेगरी अंकलच्या दारात उभी राहिली. ते ओट्यावर जाळं विणत बसले होते. तिने एका दमात सगळं सांगितलं.

"चूक माझी आहे, अंकल. पण तुम्ही हरकत घेतलीत तर परत मोजतील. फक्त सही करा."

ग्रेगरीने चष्मा लावून अर्ज शेवटपर्यंत वाचला.

"पोरी, पयल्या कागदावर पण माझीच सही हाय ना? पाणी इथवरच येतं म्हणून. गावचा साक्षीदार म्हणून तूच घेतलीस. आता उलटं लिवलं तर कोण ऐकणार माझं?"

अपूर्वाला आठवलं. 'फॉर्मॅलिटी आहे' म्हणत तिनेच त्यांच्या हातात पेन दिलं होतं. ते आधी पाण्याकडे बघत राहिले होते, मग तिच्याकडे. आणि तिला उशीर होत होता.

"तुम्हाला माहीत होतं ना, भांग आहे ते?"

"हितल्या कुत्र्याला पण माहीत हाय."

"मग बोलला का नाही?" ती जवळजवळ ओरडलीच.

"तू बोललीस, सही नाय झाली तर सर सर्टिफिकेट नाय देणार. उन्हात लाल झालेलीस. म्हटलं, आपल्या एका सहीने पोरीचं भलं होतंय तर होऊ दे."

त्यांनी पेन मागितलं आणि अर्जाखाली सावकाश सही केली. कागद तिला देत विचारलं, "मिळालं ना तुला ते?"

कालच मिळालं होतं. ते सांगताना अपूर्वाला रडू आवरेना.