खारींची साक्ष

गावाबाहेरच्या कुरणावर अर्धं गाव लोटलं होतं. समोर मातीच्या ढिगाऱ्यांवर, आपापल्या बिळाच्या तोंडाशी, जमिनीत राहणाऱ्या करड्या खारी मागच्या पायांवर उभ्या होत्या. खारींकडून न्याय करवणारे शिट्टीबाबा गरजत होते, "हे पाताळाचे पहारेकरी! पापी समोर आला की शिट्टी मारणारच!"

चोरी कुणी केली यावरून भांडणारे दोन भाऊ पुढे गेले. धाकट्यासमोर खारी गप्प; थोरल्यावर बाबांनी उन्हाची छत्री धरली, तर शिट्ट्याच शिट्ट्या. थोरला मान खाली घालून निघून गेला.

मी घड्याळजी. मागचं झाकण उघडून पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही, अशी माझी ऐट. एरवी मी बाबांची टरच उडवली असती. पण माझी बायको शाळेत शिकवते, आणि तिथला चित्रकलेचा मास्तर तिला हसवतो. माझ्या विनोदांवर ती इतकी कधी हसलेली नाही. महिनाभर मी नुसता जळत होतो. म्हणून 'गंमत बघू' असं सांगून तिला घेऊन आलो.

बाबांनी आधी माझ्या कानाशी लागून विचारलं, "संशय कुणावर?" मी डोळ्यांनीच बायको दाखवली.

"उन्हात उभी नको राहूस, पोरी," म्हणत त्यांनी तिच्या डोक्यावर तीच भली मोठी काळी छत्री उघडली. तोच शिट्ट्यांचा कल्लोळ उठला आणि सगळ्या खारी बिळांत गडप झाल्या. लोक चुकचुकले. मला मात्र, खरं सांगतो, बरं वाटलं. माझंच खरं ठरलं होतं.

बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं. तिला सगळं कळलं. खारी पुन्हा वर येईपर्यंत ती तिथेच थांबली.

"बाबा, मघाशी धाकट्या भावाला ऊन लागत नव्हतं का?"

"अं?"

तिने छत्री काढून घेतली, मिटली आणि बाबांच्याच डोक्यावर फटकन उघडली. पुन्हा शिट्ट्या, पुन्हा कुरण रिकामं!

"अरे, बाबाच पापी!" कोणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

"पापी कोणीच नाही," ती म्हणाली. "वर काही काळं पसरलं की यांना घार आल्यासारखं वाटतं. पहाऱ्यावरची खार शिट्टी मारते, बाकीच्या जीव घेऊन पळतात. आणि छत्री कुणावर धरायची, ते तुम्हीच बाबांना सांगता."

बाबांनी छत्रीही मागितली नाही, काढता पाय घेतला.

लोकहो, खारीला घार कळते, माणसाचं मन नाही. शंका असेल तर तपासा, आणि ज्याच्याबद्दल शंका आहे त्याला तोंडावर विचारा. मी वाटेत बायकोची माफी मागितली.

"मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं," ती म्हणाली. "तू खारींना विचारलंस."

आणि आमच्या घराची वाट सोडून ती आपल्या भावाच्या घराकडे वळली.