आधी वेलांटी, मग अक्षर

मित्रांनो, माझं झाकण उघडायचं असेल तर जरा दोन्ही हातांनी उघडा. डावीकडची बिजागरी सैल झाली आहे, आणि एका हातानं उचललं की पडदा क्षणभर काळा होतो. मी बारा वर्षांचा लॅपटॉप आहे. माणसांत बारा वर्षं म्हणजे अजून शाळा. आमच्यात बारा वर्षं म्हणजे अंगावरची अक्षरंसुद्धा पुसली गेलेली.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. पुष्कळ उजेड होता आणि हातमोजे घातलेले हात होते, एवढंच. खरी आठवण सुरू होते ती बालाघाटच्या एका दुकानात. लामत्याहून एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. तिचं नाव दीपिका. बारावीत चांगले मार्क पडले म्हणून सरकारनं लॅपटॉपसाठी पैसे दिले होते. तिच्या वडिलांनी, चैतरामजींनी, मला दोन्ही हातांवर घेऊन वजन पाहिलं, जसं कोणी भोपळ्याचं पाहतं.

"मजबूत हाय ना, भाऊ?"

"दस साल कहीं नहीं जाता, काका," दुकानदार म्हणाला.

दुकानदाराचा तो शब्द मी पाळला, वर दोन वर्षं आणखी दिली. हे मी बढाईनं सांगत नाही. पुढं जे सांगणार आहे त्यात बढाई मारण्यासारखं काही उरत नाही.

कॉलेजची तीन वर्षं दीपिका माझ्यावर लिहायला शिकली. मग टायपिंगच्या क्लासला गेली आणि तिथून आल्यावर रोज माझ्यावर सराव करायची. आता मी एक गोष्ट सांगतो ती नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. 'दिन' हा शब्द म्हणताना आपण आधी 'द' म्हणतो. पण जुन्या टाइपरायटरच्या पद्धतीत आधी वेलांटी द्यायची, मग 'द' दाबायचा. कागदावर वेलांटी डावीकडे दिसते, म्हणून बोटानंही ती आधी; नंतर जे अक्षर दाबाल त्याला ती चिकटते. हिंदीची सरकारी कागदपत्रं टाइप करणारी जुनी माणसं आमच्या भागात अशीच शिकली. दीपिकाही तशीच शिकली. वेलांटीचं बटण डाव्या हाताच्या पहिल्या बोटाखाली येतं. माझ्या अंगावरचं सगळ्यात आधी पुसलं गेलेलं अक्षर तेच.

लग्न होऊन ती बालाघाटला सासरी आली तेव्हा मी तिच्या साड्यांच्या बॅगेत होतो. गल्लीतल्या बायका रेशनकार्डाचे अर्ज, जातीच्या दाखल्याचे अर्ज लिहून घ्यायला यायच्या. "दीपिकाचा लॅपटॉप" म्हणून माझं नाव झालं. सासूबाई शेवंताबाई मला जेवणाच्या वेळी टॉवेलनं झाकून ठेवायच्या, म्हणजे फोडणी उडू नये. तेवढा मान मला पुन्हा मिळाला नाही.

मग ओवी जन्मली. घरात पोर आलं की यंत्राकडे कोण पाहतं? पाहूही नये. दुपटी माझ्यावर वाळत पडायची, पावडर उडायची, गोधडीचा कापूस उडायचा. माझ्या पोटात एक छोटा पंखा आहे, तो हे सगळं आत ओढत राहिला. मी तापू लागलो. दहा-बारा मिनिटं काम केलं की घरघर वाढायची आणि मी आपोआप बंद पडायचो. बॅटरी तर कधीच गेली होती. लाइट गेली की अर्ध्या ओळीत माझा जीव जायचा.

नेमकं त्याच वेळी दीपिकाला मी हवा होतो. किरनापुरच्या एका कार्यालयात कंत्राटी ऑपरेटरची एक जागा निघाली होती. एकच. बसनं जाऊन सहापर्यंत ओवीकडे परत येता येईल, अशी तिच्या हिशोबातली ती एकुलती एक नोकरी. त्यासाठी टायपिंगची परीक्षा मार्चमध्ये, जबलपूरला होती. फॉर्ममध्ये तिनं जुनी पद्धत निवडली होती. एकदा निवडली की बदलता येत नव्हती.

ओवी दुपारी दोनला निजायची, साडेतीनला उठायची. दीपिकाचा दिवस म्हणजे तेवढाच दीड तास. भांडी तशीच ठेवून ती माझ्यासमोर बसायची, एक पाय पाळण्याच्या दोरीत.

संक्रांतीला तिचा दीर अंकित नागपूरहून आला. त्यानं वहिनीसाठी नवा लॅपटॉप आणला होता. वहीइतका पातळ, राखाडी रंगाचा. खरं सांगतो, मला हेवा वाटला, पण मी त्याला नावं ठेवणार नाही.

"वहिनी, हा आर्मवाला हाय," अंकित म्हणाला. "मोबाइलमंदी असते ना, त्या घराण्यातली चिप. गरम होत नाई. अंदर पंखाच नाई तर आवाज काय करंन? आन् एकदा चार्ज केला का दिवसभर पाह्यचं काम नाई."

शेवंताबाई तीळ निवडत बसल्या होत्या. "आरामवाला?" त्या म्हणाल्या. "अरे बाप्पा, मंग काम कोण करंन? आरामवाले तर या घरात पह्यलेच दोन हायेत."

"माय, आराम नाई, आर्म!"

"तेच तर म्हणून राह्यली."

गजेंद्र, म्हणजे दीपिकाचा नवरा, बिरस्याच्या शाळेत मास्तर. त्याला कुठलीही नवी वस्तू लगेच पटत नाही. त्यानं नव्याला उलटासुलटा करून पाहिलं. "प्रिंटर लावाची जागा कुठं हाय याले?"

"दादा, आता सगळं वायरलेस असते."

"आपला प्रिंटर वायरचा हाय ना, लेका. आन् तुह्या वहिनीचं ते टायपिंगचं सॉफ्टवेअर? चालंन का याच्यावर?"

"काहून नाई चालंन? विंडोजच हाय. जुने प्रोग्राम पण चालतेत, अंदरून ट्रान्सलेट होऊन. तू पाह्य तर खरं."

अंकित खोटं बोलला नाही, मित्रांनो. माझ्यासारख्यांसाठी लिहिलेले प्रोग्राम माझ्या चिपची भाषा बोलतात. नव्याची चिप वेगळी भाषा बोलते. म्हणून त्याच्या आत एक दुभाष्या बसवलेला असतो, आणि पुष्कळ प्रोग्राम त्या दुभाष्याच्या भरवशावर बरे चालतात. पण काही प्रोग्राम बोट आणि अक्षर यांच्या मधे बसतात. बटण दाबलं की ते अक्षर बदलून पुढं देतात. तिथं दुभाष्याचा हात पोचत नाही. दीपिकाचं टायपिंगचं सॉफ्टवेअर त्यातलंच होतं. अंकितनं तीनदा घातलं, तीनदा ते चढलं, आणि तिन्ही वेळा 'द' दाबला की इंग्रजी अक्षर उमटलं.

"मी म्हटलं होतं," गजेंद्र म्हणाला.

"तू तर मोबाइल आला तवा पण म्हटलं होतं," अंकित म्हणाला. मग त्यानं इंटरनेटवर टाइप करायचं एक पान शोधून काढलं. त्यात सगळी अक्षरं जुन्याच जागी होती. "हे पाहा वहिनी. सेम टू सेम. फक्त वेलांटी अक्षराच्या मागून द्याची. एवढाच फरक."

दीपिकानं एक ओळ लिहून पाहिली. मी शेजारीच होतो, उघडा. तिचं बोट वेलांटीवर आधी गेलं, थांबलं, मागे आलं.

"चालते ना, वहिनी?" त्यानं विचारलं. एवढ्या दुरून प्रेमानं आणलेली वस्तू. सासू बघते आहे, नवरा बघतो आहे.

"हौ, भाऊजी. छान हाय," दीपिका म्हणाली.

त्या दोन शब्दांवर मला दिवाणाच्या पोटात ठेवण्यात आलं, जुन्या चादरींच्या खाली.

पुढचे सात आठवडे मी अंधारात काढले. दीपिका दुपारी त्याच दिवाणावर बसून सराव करायची, माझ्या अगदी वर. नव्याचे गुण मला फळीतून कळायचे. लाइट गेली तरी तिचं काम थांबत नसे. ती त्याला मांडीवर घेऊ शकायची, मांडी भाजत नसे. एक दोष मात्र असा की कुणाच्या ध्यानातही आला नसता. माझ्या पंख्याच्या घरघरीत बटणांचा आवाज बुडून जायचा आणि ओवी निजून राहायची. नवा अगदी मुका. त्या शांततेत प्रत्येक टकटक पाळण्यापर्यंत जायची. ओवी अडीचलाच उठून बसू लागली. दीड तासाचा अर्धा तास झाला.

एकदा ती गजेंद्रला म्हणाली, "अहो, जुन्याचा पंखा एकदा दाखवता का दुकानात? परीक्षेपुरता."

"नवा असताना?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. पोरांच्या वह्या तपासता तपासता म्हणाला. "अंकितले काय वाटंन? तूच तर म्हटलं, छान हाय."

दुसऱ्या दुपारी वर पुन्हा टकटक सुरू झाली.

पहिल्या आठवड्यात वरून येणारी टकटक अडखळत यायची. डाव्या हाताचं पहिलं बोट जड पडतं, त्याचा आवाज मी कित्येक वर्षं ओळखतो. ते आधी पडायचं, मग ती थांबायची, खोडायची, पुन्हा लिहायची. चौथ्या आठवड्यापासून थांबणं बंद झालं. बोट बिनचूक मागून पडू लागलं. शेवंताबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आता कशी सरासर करून राह्यली पोरगी!" वर सगळे खूश होते. मला मात्र भीती वाटली ती तेव्हाच. बोटांना सवय लागायला जेवढे दिवस लागतात, तेवढेच सुटायलाही लागतात, आणि परीक्षेला तेवढे दिवस उरले नव्हते.

परीक्षा झाली त्या संध्याकाळी ती जबलपूरहून आली आणि थेट दिवाणावर बसली. चपलासुद्धा काढल्या नसाव्यात, त्यांचा आवाज दिवाणापर्यंत आला. मग शेवंताबाईंनी ओवीला तिच्या मांडीवर ठेवलं.

"कसा गेला पेपर?" गजेंद्रनं विचारलं.

"उतारा सोपा होता," ती म्हणाली. "शेतीवर होता. मी उताऱ्याकडंच पाह्यत होते, सरासर लिहून राह्यली होती. तिसऱ्या ओळीले पडद्यावर पाह्यलं तर 'दिन'चं 'दनि' झालं होतं. 'हित'चं 'हति'. 'लिखित' तर..." ती हसली. तसलं हसू ऐकवत नाही. "तिथं वेलांटी आधी द्याची होती ना. मले माहीत होतं. माह्या बोटांले नव्हतं माहीत."

"मंग सुधारलं नाई?"

"सुधारलं. जितकं सुधारलं तितका टाइम गेला. मंग मुद्दाम आधी द्यायले गेले तर ज्यात वेलांटी नाई त्यातही पडू लागली."

 ओवी तिच्या बांगड्यांशी खेळत होती, त्याचाच आवाज येत होता. मग दीपिका अगदी हळू म्हणाली, "किरनापुर उताऱ्यात नव्हतं, पण मी येताना बसमंदी मनातल्या मनात लिहून पाह्यलं. 'करिनापुर' झालं."

निकाल महिन्यानं लागला. ती पास झाली नव्हती. किरनापुरची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. ज्याला मिळाली त्यालाही तिची गरज असेलच.

निकालानंतरच्या रविवारी गजेंद्रनं मला बाहेर काढलं. कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं शाळेतून छोटा पेचकस आणला होता आणि ओवीच्या रंगांच्या डब्यातला ब्रश घेतला. माझी पाठ उघडली. पंख्याच्या पात्यांवर एक राखाडी गादी बसली होती: कापूस, पावडर, दुपट्यांची लव, एक लांब केस. त्यानं ती बोटानं उचलली तर अख्खी निघाली, पापडासारखी. ब्रश फिरवला, झाकण लावलं, वायर जोडली. मी सुरू झालो. दहा मिनिटं झाली, वीस झाली, तासभर झाला. मी बंद पडलो नाही.

"एवढंच होतं?" तो म्हणाला. ती राखाडी गादी त्याच्या तळहातावर होती. शेवंताबाईंनी ती पाहिली आणि पदर तोंडाला लावला. दीपिका दारात उभी होती. ती म्हणाली, "हौ. एवढंच होतं," आणि कुकर बंद करायला आत गेली.

त्या पेचकसाला पंधरा मिनिटं लागली होती. मी घड्याळ दाखवतो, म्हणून मला नक्की माहीत आहे.

आता मी आणि तो नवा, दोघंही टेबलावर असतो. आमचं भांडण नाही. तो हलका आहे, शांत आहे, लाइट गेल्यावर मी मेलेला असतो आणि तो जिवंत. पुढच्या काळात त्याच्याच जातीचे येतील, आणि दीपिकाचं सॉफ्टवेअरही कधीतरी त्याच्या भाषेत लिहिलं जाईल. तो वाईट आहे असं म्हणणारा मी कोण? चुकीच्या वेळी आला, एवढंच. आणि माझ्या पोटातला कापूस चुकीच्या वेळेपर्यंत तसाच राहिला.

दीपिका पुन्हा सरावाला बसली आहे. पुढची परीक्षा कधी निघेल माहीत नाही, निघाली तरी किरनापुरसारखी जवळची जागा निघेल की नाही तेही माहीत नाही. काल तिनं माझ्यावर 'दिन' लिहिलं. उमटलं 'दनि'. तिनं खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा 'दनि'. मला तिला सांगायचं होतं, पोरी, घाई करू नकोस. पण मी फक्त ती लिहिते तेवढंच दाखवू शकतो.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला सांगतो. तुमच्या घरात एखादं जुनं यंत्र कण्हत असेल तर आधी त्याची पाठ उघडून पाहा, वर्षातून एकदा तरी ब्रश फिरवा. आणि घरातल्या कुणासाठी नवं काही आणाल, तेव्हा "आवडलं का?" असं विचारू नका. त्याला हौ म्हणावंच लागतं. तिच्या शेजारी बसा आणि विचारा, "तू यावर रोज काय करतेस? जरा करून दाखव." मग ती करत असताना तिच्या तोंडाकडे नको, बोटांकडे पाहा. त्या संक्रांतीला तिचं बोट अर्ध्यात थांबलं होतं. खोलीत तिच्याखेरीज तीन माणसं होती, पण ते फक्त मी पाहिलं.