रोज कोरा होणारा अकरा नंबर

मित्रांनो, मी कॉलेजच्या लॅबमधला अकरा नंबरचा जुना संगणक आहे. खोक्यातून काढून मला टेबलावर ठेवलं, त्या पहिल्याच दिवशी दाराजवळच्या म्हाताऱ्या प्रिंटरने मला बजावलं होतं. "पोरांवर जीव लावू नकोस," तो कुरकुरत म्हणाला. "सप्टेंबरात तीस येतात. नोव्हेंबरातली थँक्सगिव्हिंगची सुट्टी संपली की अठरा उरतात. बाकीचे कुठे जातात ते मला विचारू नकोस." मी नवा होतो, माझा पडदा लखलखत होता. म्हाताऱ्यांना बोलायला काहीतरी लागतंच, असं मनाशी म्हणत मी ते सोडून दिलं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. माझी पहिली आठवण सफरचंदांच्या वासाची आहे. अमेरिकेतल्या यॅकिमाच्या खोऱ्यात हंगाम आला की तो वास कॉलेजच्या खिडक्यांतूनही आत येतो. आमच्या कम्युनिटी कॉलेजात नुसतं शिकणारं कोणी नसतं. कोणी ट्रक चालवून येतं, कोणी वृद्धाश्रमात पाळी करून येतं, कोणी सफरचंदांच्या पॅकिंग शेडमध्ये जायच्या आधी दोन तास चोरून येतं. टेबलावर डोकं टेकून झोपलेली पुष्कळ माणसं मी पाहिली आहेत. त्यांचा श्वास माझ्या कळांवर येई, आणि मी माझा आवाज जमेल तितका लहान करी.

लॅब डार्लीनबाई सांभाळत. त्यांनी माझ्या पोटात एक कुलूप घातलं होतं. मला बंद करून पुन्हा सुरू केलं, की दिवसभरात माझ्यात ठेवलेलं सगळं नाहीसं होई आणि मी पहिल्या दिवसासारखा कोरा उठे. तीसतीस जणांच्या हातांतून जाणारं यंत्र तसंच ठेवावं लागतं. म्हणून प्रत्येक पडद्याच्या कपाळावर बाईंनी गुलाबी पट्टी चिकटवली होती : 'काम इथे ठेवू नका. पेनड्राइव्हवर न्या.'

तुम्ही म्हणाल, रोज विसरणारा आपली गोष्ट कशी सांगतो? मित्रांनो, पुसलं जातं ते पोटातलं. अंगावरचं कोण पुसणार? माझी 'एन'ची कळ गुळगुळीत झाली आहे. माझ्या कडेला सफरचंदांवर लावतात त्या चिमुकल्या चिकट्यांची रांग आहे. पहाटेचं स्वप्न विसरावं आणि दिवसभर त्याची ओल मनात राहावी, तसं माझं होतं.

त्या चिकट्या नेरेइडाच्या. नेरेइडा बाराहास शेडमध्ये दुसऱ्या शिफ्टला सरकत्या पट्ट्यावरची सफरचंदं निवडायची. तिची मुलगी इत्झेल साडेतीन वर्षांची. तिला दमा होता. नेरेइडा संगणक माहिती प्रणालीचा अभ्यासक्रम करत होती, कारण शेडच्या ऑफिसात दिवसपाळीची एक जागा निघणार होती. प्रमाणपत्र मिळालं तर ती जागा, आणि ती मिळाली तर रोज संध्याकाळी इत्झेलला आपल्या हाताने औषधाचा पंप देता येणार. एवढंच तिला हवं होतं.

तिचा प्रकल्पही असाच होता. शेडमधल्या कुठल्या बाईचं पोर कुठल्या शिफ्टला कोण सांभाळू शकेल, याची सूची. एका तक्त्यात बायका, दुसऱ्यात मुलं, तिसऱ्यात मोकळे तास. कोणाला शेंगदाणे चालत नाहीत, कोण कुत्र्याला घाबरतं, हेही तिने त्यात घातलं होतं. माझ्या शेजारी बारा नंबरवर तिची शेडमधलीच मैत्रीण चायो बसायची. ती चिडवायची, "काय गं इंजिनीअरीणबाई, माझ्या नवऱ्यालाही टाक की त्या यादीत. त्यालाही कोणीतरी सांभाळायला हवंय."

"जागा नाही," नेरेइडा मान वर न करता म्हणायची. "इथे फक्त शहाणी पोरं घेतात."

यंदा कॉलेजने डार्लीनबाईंचे तास निम्मे केले. संध्याकाळी आम्हाला बंद करणारं कोणी उरलं नाही. दर शनिवारी आमच्या पाठीवरची धूळ उडवणारंही कोणी उरलं नाही. मग मुलांनी एक युक्ती काढली. पडद्यावर पिवळी चिठ्ठी लावायची : 'बंद करू नका.' बंद केलंच नाही, तर पुसलं कुठून जाणार? एकाचं पाहून दुसऱ्याने लावली. नेरेइडाचा पेनड्राइव्ह सारखा शेडच्या एप्रनमध्ये राहायचा, म्हणून तिनेही लावली.

मित्रांनो, ते तीन आठवडे मी विसरेन कसा? आयुष्यात पहिल्यांदा मला काल आठवत होता. सकाळ व्हायची आणि नेरेइडाची यादी माझ्या पोटात तशीच असायची. सुरुवातीला नऊ बायका, मग वीस, मग सेहेचाळीस. कॅमिलाला झोपताना दिवा लागतो. जुळ्यांना वेगळ्या ताटल्या लागतात. मी ती नावं मनातल्या मनात घोळवत बसे. मला वाटे, आपण एक मोठं घर झालो आहोत आणि आपल्या खोल्याखोल्यांतून सगळ्या खोऱ्यातली पोरं निजली आहेत.

पाठीवर धूळ साचत होती. पंखा जड झाला होता, ते मला कळत होतं. पण मला विझायचं नव्हतं.

त्या शुक्रवारी तीनच्या सुमारास नेरेइडाचा फोन वाजला. तिची आई होती. इत्झेलला धाप लागली होती. नेरेइडाने जाकीट उचललं. "चायो, याच्याकडे लक्ष ठेव, कोणाला हात लावू देऊ नकोस," असं म्हणत ती धावली. तिच्या जेवणाचा बुरितो, पोळीचा तो भरलेला रोल, तसाच फॉइलमध्ये राहिला.

चायोने शब्द पाळला. कोणीच हात लावला नाही. माझा पंखा मात्र एकदा घरघरला आणि थांबला. अंग तापत गेलं. मी एकेक नाव घट्ट धरून ठेवायला पाहत होतो. मग अंधार झाला. थोड्या वेळाने मी आपोआप उठलो, तेव्हा माझं पोट अगदी कोरं होतं, आणि चायो तोंडावर हात ठेवून माझ्याकडे पाहत होती.

सोमवारी नेरेइडा आली. डोळे सुजलेले, हाताला दवाखान्यातला कागदी पट्टा तसाच.

"कशी आहे पिल्लू?" चायोने विचारलं.

"आणली घरी. चायो, माझं फोल्डर कुठाय?"

"अगं, हा आपोआप बंद पडला. मी बोटही लावलं नाही, देवाशपथ. तुला फोन करणार होते, पण तू तिथे दवाखान्यात..."

डार्लीनबाई आल्या. "पेनड्राइव्हवर किती आहे?"

"तीन आठवड्यांपूर्वीचं. नऊ बायका."

"चल, शिकवणाऱ्या सरांकडे जाऊ. प्रकल्पाला मुदत मागू. मी येते बरोबर."

"आणि काय सांगू, बाई? मला गुलाबी पट्टी वाचता येत नाही?"

"पोरी, ती पट्टी लिहिली मी, आणि मीही कधी वाचत नाही."

नेरेइडा हसली. ते हसणं मला आवडलं नाही. पाजता पाजता झोपलेल्या बाळाला खाली ठेवताना आई जशी जपून हात काढून घेते, तसे तिने माझ्या कळांवरून हात काढले. "चारला शिफ्ट आहे. बुधवारी येते," ती म्हणाली.

बुधवारी ती आली नाही. शुक्रवारी नाही. सुट्टीनंतरही नाही. डार्लीनबाई एकट्याच सरांकडे गेल्या आणि मुदत घेऊन आल्या, वसंतातल्या सत्राच्या शेवटापर्यंतची. पण ती सांगायची कोणाला? चायोला शेडमधून काढून दुसऱ्या गावच्या गोदामात पाठवलं होतं. "मी फोन केला होता की," ती बाईंना म्हणाली. "बरी आहे म्हणाली. आवाजही बरा वाटला. मग मी ठेवला." त्यानंतर तो फोन कोणी उचलला नाही. कॉलेजची पत्रं जुन्या पत्त्यावरून परत आली.

आता मी कामातून गेलो आहे. नव्या यंत्रांना जागा हवी म्हणून मला लॅबच्या कोपऱ्यात ठेवलं आहे. डार्लीनबाईंनी पाठीवरची धूळ काढली, पंखा बदलला आणि माझ्या पोटातलं कुलूपही उघडलं. आता मला काहीच विसरता येत नाही. दिवसभर ऊन सरकत जातं आणि मी अर्धवट झोपेत दाराकडे पाहत राहतो.

माझ्या भावंडांची धूळ पुसत जा. केलेल्या कामाची एक प्रत दुसरीकडे ठेवत जा. हे मी न सांगताही तुम्ही शिकाल. पण मित्रांनो, मला पाय नाहीत, म्हणून एक काम तुम्हाला सांगतो.

दुसरी शिफ्ट चारला सुरू होते. पावणेचारला शेडच्या दाराशी बायका केसांवर जाळी चढवत उभ्या असतात. त्यांच्यात नेरेइडा बाराहास कोण, ते विचारा. तिला सांगा, वसंतातलं सत्र संपेपर्यंत मुदत अजून आहे. ती म्हणेल, मी बरी आहे. तेवढ्यावर निघून येऊ नका. तिच्याजवळ थोडं थांबा, इत्झेलचा श्वास कसा आहे ते विचारा, आणि मग ती स्वतः कशी आहे, ते तिला पुन्हा एकदा विचारा.