चार गल्ल्यांच्या वाटेला दुहेरी तळ

“दोन रात्रींचा मुक्काम, आणि सामान बघा, जसं काही बिऱ्हाडच हलवायचंय,” आत्या पुटपुटली. तिने मला गुडघ्याखाली दाबून चेन ओढली. चेन अर्ध्यातच अडली. आत्या रागावली होती, पण चेनवर नव्हे. माझ्या पोटात काय भरले आहे ते तिने नुकतेच पाहिले होते.

मित्रांनो, मी एक जुनी कॅनव्हासची पिशवी आहे. ज्याने मला शिवले तो पिशव्यांचा कारागीर. त्याचे दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली, दोन शिलाई मशिनी आणि मेण लावलेल्या दोऱ्याचा वास. धाकटी बहीण कापड बेतायची, तो शिवायचा. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले, तेव्हा उरलेल्या तुकड्यांतून त्याने मला शिवले. दवाखान्यात जाताना माझ्यात एकटीचे कपडे होते, येताना दोघींचे. मुलगी इवलीशी आणि गोल होती, म्हणून त्या बहिणीने, म्हणजे आत्याने, तिला ‘बटण’ म्हणायला सुरुवात केली. खरे नाव मग शाळेपुरतेच उरले.

तेव्हा माझे फार कौतुक होते. कोणी विचारले, पिशवी कुठून घेतली, तर बायको सांगायची, घेतली नाही, घरची आहे. कारागीर ऐकून न ऐकल्यासारखे करायचा आणि त्या दिवशी मशीन जरा जोरात चालवायचा.

पुढे त्या घरात शांतता शिरली. भांड्याला भांडे लागले की आवाज तरी होतो. इथे आवाजच होईना. मी दाराशी पडून असे आणि दोघे मला ओलांडून जात. कोणी उचलत नसे, कोणी लाथही मारत नसे. मित्रांनो, लाथ बरी वाटावी असेही दिवस येतात.

मग घटस्फोट झाला. समुपदेशक बाईंच्या खोलीत मी बटणच्या पायांशी होते, म्हणून सगळे ऐकले. बटण आईकडे राहील, शुक्रवार संध्याकाळ ते रविवार बाबांकडे. शाळा, कपडे, औषध यांचा भार दोघांनी वाहायचा. बाईंनी निक्षून सांगितले, की खर्च दिला म्हणून मूल विकत मिळत नाही आणि खर्च थकला म्हणून भेट तोडता येत नाही. भेटीचा हक्क तुमच्याइतकाच, किंबहुना तुमच्याआधी, मुलीचा आहे. दोघांनी माना डोलावल्या. बटणने मात्र विचारले, “मी कोणाकडे राहणार ते कळलं. पण माझ्याकडे कोण राहणार?” मोठी माणसे पंख्याकडे बघत बसली.

तेव्हापासून दोन घरांमधल्या चार गल्ल्या मीच सांभाळल्या. बटणजवळ आत्याने चिंध्यांतून केलेला एक हत्ती होता. दर शुक्रवारी निघताना ती त्याला आईच्या उशीवर बसवायची आणि बजावायची, मी येईपर्यंत जागा धरून बस. हत्ती कधीच माझ्यात यायचा नाही. तो तिथे होता, म्हणजे ती परत जाणार होती. आईसुद्धा दोन दिवस त्या उशीवर डोके टेकत नसे.

एकदा बटण बाबांना सहज म्हणाली, तुमच्या घरी ऊन छान येतं. ‘तुमच्या’ हा शब्द कारागिराच्या हातातल्या सुईइतकाच बारीक होता. तो हसला, पण त्या दिवशी त्याची शिवण वाकडी गेली. दुसऱ्या दिवसापासून तो कामाला लागला. त्याने माझे जुने पट्टे उसवून रुंद पट्टे लावले. कोपऱ्यांना चामडे लावले. तळाला आणखी एक तळ दिला, दुहेरी टाक्यांचा. बहिणीने विचारले तर म्हणाला, जुनी झालीय, एवढंच. पण आत्या त्याच्याच हाताखाली शिकलेली. असा तळ कोणत्या पिशवीला देतात हे तिला ठाऊक होते. बोट, रेल्वे, महिनोन्महिने. चार गल्ल्यांच्या वाटेला तो कोणी देत नाही. कारागिराने मनातले तोंडाने सांगितले नाही, पण लांबच्या प्रवासाला पिशवी कच्ची पाठवणे काही त्याच्या हाताला जमले नाही.

तळ शिवून झाला त्या शुक्रवारी त्याने बटणला सांगितले होते, या वेळी हत्तीलाही आण, गंमत आहे. आईने रिकामी उशी पाहिली. उगाच संशय घेते म्हणतील, या भीतीने तिने तोंड मिटले.

आणि शनिवारी सकाळी आत्याने माझ्यात पाहिले ते हे. सगळे कपडे नवे, आणि सगळे बटणला पुढच्या वर्षी बसतील असे. स्वेटरच्या बाह्या तर हातापेक्षा वीतभर लांब. आत्याने ते घड्या घालून परत ठेवले. सख्ख्या भावाशी वाकडे कोण घेणार? बाहेर रिक्षा येऊन थांबली होती.

मित्रांनो, आज मी एका कपाटावर धूळ खात आहे. माझे पट्टे विरले, पण तो दुहेरी तळ कोराच राहिला. कधी लांबच्या प्रवासाला गेलाच नाही. माझी तुम्हाला एवढीच विनवणी आहे. आम्हा पिशव्यांना उन्हात वाळवा, चेनला मेण लावा, आणि पोटात आहे ते तोंडात येऊ द्या. पिशवीला तोंड असून बोलता येत नाही. तुम्हाला येते.

त्या सकाळी कारागिराने मला खांद्याला लावले. बटण हत्तीला कडेवर घेऊन उंबऱ्यापाशी आली आणि थांबली.

“बाबा, आईच्या उशीवर आता कोण आहे?”

तो तिच्या चपलेचा बंद बांधायला वाकला. बंद आधीच बांधलेला होता. रिक्षावाल्याने भोंगा वाजवला. आत्याने माझा पट्टा मागून घट्ट धरला आणि सोडला नाही.

“दादा,” ती हळूच म्हणाली, “तू हिला परत आणणार नाहीयेस.”