वेणीचं वजन

दिग्दर्शिका बाईंनी मुलाखतीत डोळ्यांना रुमाल लावला, तेव्हा त्यांच्या नव्या सिनेमाच्या एडिटरने चहाचा कप इतक्या जोरात टेबलावर आपटला की कीबोर्डवर शिंतोडे उडाले.

"ही माझीच गोष्ट आहे," मोबाइलच्या पडद्यावर बाई सांगत होत्या. "दहावीत असताना वर्गातल्या टोळीने माझी वेणी कापली. ते दुःख मी पंचवीस वर्षं उराशी बाळगलंय."

वेणी कापली होती हे खरं. मधल्या सुट्टीत, अख्ख्या वर्गासमोर, हेही खरं. फक्त वेणी एडिटरची होती आणि कात्री बाईंच्या हातात होती.

आता यावर माणसाने काय करावं? आरडाओरडा केला असता तर लोक म्हणाले असते, प्रसिद्धीसाठी चाललंय. एडिटर गप्प बसली. तिला गप्प बसायची सवय होती, आणि रागही तिने लोणच्यासारखा मुरवून ठेवलेला होता.

काम घेतानाच तिने बाईंचं नाव वाचलं होतं. म्हटलं, बघू तरी, ओळखते का. पहिल्या दिवशी बाई आल्या, सोफ्यावर बसल्या, एडिटरच्या बारीक कापलेल्या केसांकडे बघून म्हणाल्या, "किती सुटसुटीत! मला नाही बाई असं जमणार." त्या मधल्या सुट्टीनंतर एडिटरने केस कधी वाढवलेच नव्हते. बाईंना कशाचाच पत्ता नव्हता. आठ आठवडे दोघी त्या बिनखिडकीच्या खोलीत गुडघ्याला गुडघा लावून बसल्या आणि बाई तिला 'एडिटर' म्हणत राहिल्या. "एडिटर, जरा मागे घे." "एडिटर, हिचं रडणं वाढव."

सिनेमा तर काय सांगावा! शाळेच्या कँटीनमध्ये देखण्या मुलींचं टेबल वेगळं, खेळाडूंचं वेगळं, पुस्तकी किड्यांचं कोपऱ्यात. नायिकेला चष्मा, म्हणजे ती कुरूप. शेवटी ती चष्मा काढते, म्हणजे ती सुंदर. वेणी कापणारी टोळीची म्होरकी शेवटच्या दृश्यात ढसाढसा रडते आणि नायिका तिला मिठी मारून माफ करते. बारा सेकंदांत. एडिटरने ते दृश्य दात खाऊन जोडलं. पंचवीस वर्षांत तिच्याकडे कुणी माफी मागायला फिरकलं नव्हतं आणि इथे तिच्या नावावर माफी वाटूनही झाली होती.

तरी तिने काम चोख केलं. डोळ्यांत तेल घालून प्रत्येक टेक पाहिला. तसा पाहिला म्हणूनच तो तुकडा सापडला.

वेणी कापायच्या दृश्याचा पाचवा टेक संपला होता आणि कॅमेरामन कॅमेरा बंद करायला विसरला होता. म्होरकीचं काम करणारी पोरगी कात्री धरून नुसती घुटमळत होती. तेवढ्यात बाई तरातरा चौकटीत शिरल्या.

"अगं, गोंजारतेस काय? वेणी टोकाला नाही धरायची. मानेजवळ धर, मग डोकं हलवताच येत नाही. आणि कात्री एकदा दाबून भागत नाही. दाट असली की तीन-चारदा दाबावी लागते. सुटली की हात एकदम खाली जातो, असा. जड असते ना! मला वाटलंच नव्हतं इतकी जड असेल." आणि बाई हसल्या. शाळेतलं तेच हसणं.

एडिटरने तो तुकडा सात वेळा पाहिला. सातव्यांदा तिच्याही चेहऱ्यावर हसू आलं.

पुढचं बाईंनीच सोपं करून दिलं. शेवटच्या नामावलीच्या बाजूला शूटिंगच्या गमतीजमती दाखवायच्या, ही त्यांचीच कल्पना. "लोक हसत घरी गेले पाहिजेत. आणि मी दिसेन असे तुकडे घे. दिग्दर्शक किती राबतो ते कळू दे जगाला."

एडिटरने सहा तुकडे लावले. कुणी पाय घसरून पडतंय, कुणी वाक्य विसरतंय, आणि सर्वांत शेवटी हा. बाईंना दाखवताना तिला वाटलं, आता ही ताडकन उठणार, ओरडणार. बाईंनी तो पूर्ण पाहिला, आवाजासकट.

"काय छान दिसतेय मी!" त्या म्हणाल्या. "ठेव."

म्हणजे ढोंगसुद्धा नव्हतं! इतकी वर्षं खोटं बोलून बोलून बाईंच्या मनात ती वेणी खरोखरच स्वतःच्या पाठीवर वाढली होती. एडिटरला वाटलं होतं तिचा राग याहून वाढायचा नाही. तो वाढला.

त्याच दुपारी बाईंची पंधरा वर्षांची मुलगी आईचा डबा घेऊन आली होती. जाताना तिने आईच्या केसांवरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "आई, तेव्हा खूप रडली होतीस का गं?" बाई म्हणाल्या, "खूप." एडिटरने मान खाली घालून फाइल सेव्ह केली. मुलीचं तिला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण तुकडा तिने काढला नाही.

पहिला खेळ काही दिवसांनी, संध्याकाळी सहाला होता. बाईंनी आपला जुना वर्ग झाडून बोलावला होता. एडिटर शेवटच्या रांगेत बसली आणि समोरच्या टकला-अंबाड्यांतून एकेक चेहरा ओळखत गेली. तिचे पाय दाबून धरणारी, दाराशी पहारा देणारी, टाळ्या वाजवणारे दोघे. कुणी काय केलं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. पडद्यावर कात्री चालली तरी कुणी हूं की चूं केलं नाही. चष्मेवाली पोरगी रडली तेव्हा मात्र रुमाल निघाले. पहारेकरीणबाई तर हुंदके देत होत्या. त्या अंधारात प्रत्येकजण स्वतःला त्या बिचाऱ्या मुलीच्या जागी बसवून मोकळा झाला होता.

मिठी झाली. टाळ्या झाल्या. दिवे अर्धे लागले, नावं सरकू लागली, गमतीजमती सुरू झाल्या. लोक हसले. मग सहावा तुकडा आला.

"...जड असते ना! मला वाटलंच नव्हतं इतकी जड असेल."

हसणारे हसता हसता थांबले. जुन्या वर्गाच्या रांगेत एकजण खोकला. बाकीचे आपापल्या बुटांकडे बघू लागले.

पहिल्या रांगेतून मुलीचा आवाज आला. तो मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"आई, ती जड असते हे तुला कसं कळलं?"

"अगं, माझीच नव्हती का?"

"तुझी पाठीमागे होती. हातात तर कापणारीच्या आली ना?"

बाईंनी मदतीसाठी वर्गाकडे पाहिलं. वर्ग त्यांच्याकडे बघतच नव्हता. दाराशी पहारा देणारी मागे वळली होती आणि शेवटच्या रांगेतल्या त्या बारीक केसांच्या बाईकडे टक लावून पाहत होती. मग दुसरी वळली, तिसरा वळला. बाईंनी त्यांच्या नजरेमागे नजर नेली आणि आठ आठवड्यांत पहिल्यांदा एडिटरकडे नीट पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

एडिटर उठून उभी राहिली.  

"सांग तिला," ती म्हणाली. आठ आठवड्यांचं 'मॅडम, तुम्ही' तिने तिथेच टाकून दिलं. "वेणी कुणाची होती ते पोरीला सांग. नावानिशी सांग."

"आई?" मुलगी म्हणाली. "कुणाची होती?"

बाईंनी तोंड उघडलं, पण नाव त्यांना ठाऊकच नव्हतं. शाळेत त्या मुलीला कुणी नावाने हाक मारली नव्हती, आणि आठ आठवडे ती नुसती एडिटर होती. बाई गर्रकन पडद्याकडे वळल्या. नावं अजून सरकत होती, पण आता ड्रायव्हर आणि सुतारांची चालली होती. एडिटरचं केव्हाच वर निघून गेलं होतं.

"सांग ना, आई. नाव काय तिचं?"

अख्खं थिएटर वाट बघत होतं. बाईंनी पुन्हा एडिटरकडे पाहिलं, अगदी हात जोडल्यासारखं. तिने आपल्या नावाचा एक शब्द उच्चारला असता तर त्यांची सुटका झाली असती.

एडिटरने तो उच्चारला नाही.