काचघरातली केळ

चिनावलच्या जीवराम भिरूडांचा अभिमन दीपनगरच्या वीजकेंद्रात इंजिनिअर होता. एक्क्याण्णव सालच्या दिवाळीनंतर त्याला प्रशिक्षणासाठी सहा महिने व्हिएन्नाला पाठवलं, आणि तिकडे गेल्यापासून त्याने एकच धोशा लावला, की बायको मंजुळा येणारच आहे तर तिच्याबरोबर तुम्ही दोघंही या. जीवरामनाना दर फोनला नाही म्हणत. केळीची बाग कोण पाहील, हे त्यांचं ठरलेलं कारण. बाग पाहायला धाकटा भाऊ रतिलाल होता आणि तो ती नानांइतकीच जिवापाड जपायचा, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. एकदा सोसायटीच्या ऑफिसात अभिमनचा फोन आला तेव्हा नाना शेतात होते, म्हणून तो त्याच्या आईने, सुगंधाबाईंनी घेतला. अभिमनने पुन्हा तेच विचारलं, आणि त्या म्हणाल्या, "येतो आम्ही."

घरी आल्यावर सुगंधाबाईंनी ते नानांना सांगितलं. नानांना न विचारता त्यांनी आजवर घरातली जुनी भांडीसुद्धा मोडीत घातली नव्हती. पण नाना रागावले नाहीत. जेवता जेवता फक्त म्हणाले, "तुले जायाचं होतं तं मले सांगाचं ना." आपल्याला जायचं आहे हे फोन हातात घेईपर्यंत सुगंधाबाईंनाच कुठे माहीत होतं.

फेब्रुवारीत तिघं निघाले. सून मंजुळा मेहरूणची, बी. कॉम. झालेली. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण ती नवऱ्यासोबत दीपनगरच्या कॉलनीत राहायची, त्यामुळे सासूसुनांची ओळख सणावारापुरतीच. विमानात खिडकीची जागा तिने सासूला दिली. जन्मभर मान वर करून पाहिलेले ढग पायाखाली नांगरलेल्या रानासारखे पसरलेले दिसले तेव्हा सुगंधाबाईंनी जे तोंड खिडकीकडे केलं, ते जेवण आलं तरी वळवलं नाही.

व्हिएन्नाला उतरल्यावर कळलं, की मोठी बॅग आलेलीच नाही. नानांची धोतरं, सगळ्यांचे स्वेटर, सगळं तिच्यात. आला तो फक्त बिबड्या-पापडाचा डबा. तपासणीवरच्या गोऱ्या साहेबाने डबा उघडला, ज्वारीची एक बिबडी काढली, दिव्यासमोर धरली, नखाने वाजवून पाहिली. हे काय, असं तो विचारत होता, आणि मंजुळेला इंग्रजीतला एक शब्द आठवेना. शेवटी सुगंधाबाईंनीच ती बिबडी मोडली, अर्धी तोंडात टाकली आणि अर्धी त्याच्यापुढे धरली. साहेबाने तिचा वास घेतला आणि हसत डब्याचं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी नानांनी मुलाची पँट घातली. खालून दोन घड्या घालाव्या लागल्या. गोठ्यात शिरलेल्या शेजाऱ्याच्या बैलाकडे पाहावं तसे ते आरशातल्या स्वतःकडे पाहत राहिले. चौथ्या दिवशी बॅग सापडून आली, पण त्या थंडीत धोतराचा काही उपयोग नव्हता, हे तोवर नानांना पटलं होतं.

अभिमन दिवसभर कामावर. तो सकाळी नकाशावर खुणा करून द्यायचा आणि तिघं हिंडायची. मंजुळा पुढे, मागे सुगंधाबाई लुगड्यावर अभिमनचा जुना ओव्हरकोट घालून, आणि त्यांच्या मागे नाना. तिथली माणसं इंग्रजी नव्हे, जर्मन बोलत होती, त्यामुळे मंजुळेची रोजच तारांबळ उडे. एकदा उलट्या दिशेची ट्राम धरून ती तिघं कुठल्याशा गोदामांपाशी पोचली. एकदा चहा मागितला तर गरम पाण्याचा पेला आणि दोऱ्याला बांधलेली पुडी आली; पुडीचं काय करायचं ते पलीकडच्या टेबलावर पाहून कळलं.

नाना सगळ्याला एकच शेरा द्यायचे, "चांगलं आहे." राजवाड्यासारखं नाटकगृह पाहिलं, चांगलं आहे. पुतळे पाहिले, चांगलं आहे. सुगंधाबाईंना मात्र पाहिलेलं पुरत नव्हतं. शहराच्या मधोमध एक फार जुनं चर्च होतं. त्याचा मनोरा पाहायला मान मागे टाकली तेव्हा डोक्यावरचा पदर पडला, तरी टोक दिसेना. आत काळोख, रंगीत काचांतून येणारा उजेड, आणि तेवढ्यात वरून कुठूनतरी वाद्य सुरू झालं. वाजवणारा दिसत नव्हता. दगडालाच कंठ फुटलाय असं त्यांना वाटलं. त्या बाकावर बसल्या आणि मंजुळेने दोनदा बोलावलं तरी उठल्या नाहीत. ही एवढी उंची माणसांच्या हातांनी चढवली, आणि ज्यांनी पहिला दगड ठेवला त्यांना शेवटचा पाहायला मिळणार नव्हता, हे अभिमनने आदल्या रात्री सांगितलेलं त्यांच्या मनातून जाईना.

सहाव्या दिवशी राजवाडा पाहायला जायचं होतं. शहराबाहेरच्या अंगाला बादशहाचा जुना वाडा आणि त्याची बाग. ट्रामला गर्दी होती. मंजुळेला वाटलं, आपला थांबा आला. तो आला नव्हता. ती उतरली, तिच्यामागे नाना उतरले, आणि सुगंधाबाईंच्या पुढे एक बाई बाबागाडी घेऊन आडवी आली. ती बाजूला होईपर्यंत दार मिटलं होतं. ट्राम निघाली. काचेतून त्यांना दिसलं, की मंजुळा तोंडावर हात ठेवून उभी आहे आणि नाना ट्रामच्या बाजूने धावताहेत. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी नानांना धावताना पाहिलं नव्हतं. मग वळण आलं आणि दोघंही दिसेनासे झाले.

घराचा पत्ता मंजुळेच्या पर्समध्ये होता. अभिमनने बजावलं होतं, की चुकलात तर आहात तिथेच थांबा. पण ट्राम थांबत नव्हती, मग आहे तिथे थांबायचं म्हणजे काय करायचं? त्यांनी समोरचा दांडा घट्ट धरला. ओठांत देवाचं नाव आलं, तेही अर्धवट. पुढे एका थांब्यावर बरीच माणसं उतरली. जिथे माणसं आहेत तिथे आपण असावं, एवढाच विचार करून त्याही उतरल्या.

आणि बर्फ पडायला लागलं.

पाच दिवस जमिनीवर साचलेलं मळकं बर्फ त्यांनी पाहिलं होतं. पडताना आजच पाहत होत्या. सावद्याच्या जिनिंगमध्ये रुई उडते तसं ते आभाळभर उडत होतं, पण तिथे यंत्रांचा घरघराट असतो आणि इथे आवाज म्हणून नव्हता. एवढं मोठं आभाळ खाली उतरतंय आणि पावलाचाही आवाज नाही! त्यांनी हात पुढे केला. तळव्यावर एक कण पडला, क्षणभर चांदणीसारखा दिसला आणि पाणी झाला. आपण चुकलो आहोत, हे त्या विसरूनच गेल्या.

थंडी चपलांतून वर चढली तेव्हा भान आलं. उतरलेली माणसं एका मोठ्या फाटकातून आत जात होती. त्या मागोमाग गेल्या. आत बाग होती, पण झाडांवर एक पान नव्हतं. सगळी बागच्या बाग वाळून गेलीय असं त्यांना वाटलं. तेवढ्यात झाडांपलीकडे काचेचं घर दिसलं. घर कसलं, लोखंडाच्या फासळ्या आणि काचा यांचा तीन घुमटांचा डोंगरच. काचा आतून घामेजल्या होत्या. एका काचेला आतून एक पान चिकटलं होतं. रुंद, लांब, शिरांच्या रेषेत चिरफळ्या झालेलं.

सुगंधाबाई थबकल्या. ते पान ओळखायला त्यांना जवळ जावं लागलं नाही.

दाराशी तिकीट देणारी पोरगी काही विचारत होती. त्यांच्याजवळ पैसे नव्हते, बोलायला शब्द नव्हते. त्यांनी नुसतं आत बोट दाखवलं. पोरीने त्यांच्या पदरावरचं बर्फ पाहिलं, ओल्या चपला पाहिल्या आणि दार उघडलं.

आत उन्हाळा होता. ओल्या मातीचा, कुजक्या पानांचा, पाटाचं पाणी बागेत सोडल्यावर येतो तसा वास नाकात शिरला आणि त्यांचे डोळे भरून आले. माडांच्या पलीकडे, अंगणात तुळस असावी तशी एकच केळ उभी होती. तिचं पील, बुंध्यातून फुटलेला कोंब, बाजूला राखलेलं. नुकतीच निसवली होती. केळफूल लालजांभळं, खाली झुकलेलं, पहिली पाकळी उचलून पहिली फणी दाखवणारं. घरी अशी हजारो खोडं एकदम निसवत. त्यांतल्या एकेकीकडे असं पाहायला सवड कुणाला होती?

तिच्याजवळ त्यांच्याच वयाची एक माळीण उभी होती. आखूड केस, हिरवा एप्रन, हातात ओलं फडकं. पाळण्यातल्या बाळाचं तोंड पुसावं तसं ती पान पुसत होती. सुगंधाबाईंना पाहून तिने काहीतरी विचारलं. त्यांनी केळीकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडे, मग दोन्ही हात पसरून दाखवलं, की अशी पुष्कळ, दूरवर. बाईला काही उमजेना. तेव्हा सुगंधाबाईंची नजर तिच्या एप्रनवर गेली. त्यावर काळपट तपकिरी डाग होते. केळीचा चीक एकदा लागला की कापड फाटेपर्यंत जात नाही. त्यांनी ओव्हरकोट उघडला आणि आपल्या रोजच्या लुगड्याचा काठ पुढे धरला. तेच डाग.

माळीण खाली वाकली. तिने आपल्या एप्रनचं टोक त्या काठाशेजारी धरून पाहिलं. मग खिशातून दुसरं फडकं काढून सुगंधाबाईंच्या हातात दिलं.

नाना आणि मंजुळा मागच्या ट्रामने येऊन, दर थांब्यावर उतरून शोधत होते. शेवटी फाटकावरच्या माणसाने खुणेने सांगितलं, की लांब लाल कापडातली एक बाई काचघरात गेली. ते आत आले तेव्हा सुगंधाबाई केळीची पानं पुसत होत्या. मंजुळा धावत येऊन त्यांच्या गळ्यातच पडली आणि माझीच चूक झाली म्हणून हुंदके द्यायला लागली. त्यांनी तिच्या पाठीवरून ओला हात फिरवला. "उगी राह्य. घरच्यासारखीच होती मी इथी," त्या म्हणाल्या. सुनेला अशी जवळ घ्यायची त्यांची ही पहिलीच वेळ.

नाना रागाने काही बोलायला आले होते. त्यांची धाप अजून ओसरली नव्हती. तोंड उघडलं आणि केळीवर नजर गेली. त्यांनी टोपी काढली. पुढे होऊन खोडाला तळहात लावला, वर पाहिलं, घुमटाच्या काचांवर बर्फ पडून राहत होतं. "बाहेर हे, अन आत हे," ते हळूच म्हणाले.

माळणीला थोडं इंग्रजी येत होतं. मंजुळा विचारत गेली आणि दोघांना सांगत गेली. खालून गरम पाण्याचे नळ फिरवलेत. थंडीच्या रात्री कुणी ना कुणी जागं राहून पारा पाहतं. लढाईत बॉम्ब पडले तेव्हा काचा फुटल्या, हिवाळाच होता, आणि आतली बहुतेक झाडं गारठून मेली. तिचा बाप इथेच माळी होता. घरात खायला नव्हतं तरी तो रोज येऊन काचा वेचायचा. पुढे लोकांनी हे सगळं पुन्हा उभं केलं, पुन्हा झाडं लावली.

नाना खाली बसले, काठावरच्या दगडावर. वैशाखातल्या वादळाने उभी बाग एका तासात आडवी झालेली त्यांनी पाहिली होती. त्या बापाचं मन त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं. मग त्यांनी मंजुळेला विचारायला लावलं, "इचा घड पिकला म्हणजे काय करता?"

माळीण हसली. तिने सांगितलं, की इथे काम करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला एक केळं येतं. बहुतेकजण ते घरी नेतात, पोरांसाठी.

"एक," नाना म्हणाले. ज्यांच्या बागेतून ट्रकच्या ट्रक दिल्लीला जात, ते त्या एका शब्दापाशी अडकून बसले. मग उठून त्यांनी माळणीला दोन्ही हात जोडले. तिलाही ते कळलं असावं, कारण फडकं खांद्यावर टाकून तिनेही हात जोडले, जरा वाकडेच.

ही त्याच राजवाड्याची बाग होती, पण बाहेर आले तेव्हा राजवाड्याची वेळ संपून दारं लागली होती. मंजुळेला फार वाईट वाटलं, आता पुन्हा कधी यायचं म्हणून. बर्फ अजून पडत होतं. सगळी बाग, पायवाटा, पुतळ्यांचे खांदे, एका रंगाचं होऊन गेलं होतं, आणि त्या पांढऱ्याशुभ्र पसाऱ्यात मागे ते काचघर दिवा लावल्यासारखं हिरवं दिसत होतं. नानांनी सुगंधाबाईंचा हात धरला. चारचौघांत त्यांनी तो कधी धरला नव्हता. ट्राममध्ये चढल्यावरही सोडला नाही.

"तू सापडली नसती तं मी काय केलं असतं," ते खिडकीकडे पाहत म्हणाले, आणि लगेच दुसरंच बोलू लागले, की ते पील फार जवळ राखलंय, तरी खोड कसं तरारलंय, आणि त्या बाईच्या हाताला गुण आहे. थांब्यामागून थांबे गेले, ते बोलतच होते. सुगंधाबाई ऐकत होत्या. काचेबाहेर एकेक दिवा लागत होता आणि प्रत्येक दिव्याभोवती बर्फ गोल फिरत खाली येत होतं.